वेगळ्या रंगाचा पाणपक्षी ओळखताना : रंगाचा विचार सर्वांत शेवटी

हिवाळा लागला की भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी किंवा ठाणे खाडीवरून येणाऱ्या छायाचित्रांत एखादा तरी ‘अल्बिनो’, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसलेला, पक्षी हमखास असतो. त्यांतले बहुतेक पक्षी अल्बिनो नसतातच, आणि पुष्कळदा त्यांच्या रंगात मुळात काही वावगेही नसते. कोणी पिसे पालटत असलेला नर बदक असतो, कोणी पहिल्या वर्षाचा वारकरी (कूट हा काळा पाणपक्षी) असतो, तर कोणी कॅमेऱ्याच्या चुकीमुळे पांढरीफटक झालेली ढोकरी (तपकिरी पाठीचा लहान बगळा) असते. ही चूक क्रमातून होते : आपण आधी रंग पाहतो, त्या रंगाला नाव देतो आणि मग त्या नावात बसेल असा पक्षी पुस्तकात शोधू लागतो. पुढे दिलेला क्रम याच्या उलट आहे, आणि त्यातली एकही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये.

१. निघण्यापूर्वीची तयारी

वेगळा पक्षी ओळखायचा असेल, तर त्या महिन्यात त्या पाण्यावर नेहमीचा पक्षी कसा दिसतो हे आधी पक्के ठाऊक असावे लागते. म्हणून जाण्याआधी त्या ठिकाणच्या पंधरा-वीस नेहमीच्या जातींची यादी करावी, आणि प्रत्येकीपुढे नर, मादी, पिल्लू, विणीचा पिसारा आणि एरवीचा पिसारा यांतले कोणते रूप या महिन्यात दिसू शकते ते लिहावे. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक जण ते टाळतात. चौथ्या पायरीवर गोंधळ होतो तो यामुळेच.

साहित्यात ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण, शक्य असल्यास तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, वही आणि कॅमेरा असावा. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत, म्हणजे रंगसंतुलनाची चूक नंतर तपासता येते. पांढऱ्या किंवा फिकट पक्ष्यासाठी प्रकाशमापन दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने कमी ठेवावे, नाहीतर फिकट तपकिरी पिसेही कागदासारखी पांढरी उमटतात. मोबाइलमधले रंग आपोआप ‘सुधारणारे’ पर्याय बंद करावेत.

सूर्योदयापासून साधारण साडेनऊपर्यंतची वेळ चांगली. त्यानंतर उथळ पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा व रंग दोन्ही विरघळतात. भिगवणजवळ कुंभारगावातून नावेने जाणार असाल, तर सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने नाव न्यायला आणि थव्यापासून अंतर ठेवायला नावाड्याला काठावरच सांगून ठेवावे. पाण्यात गेल्यावर सांगितले तर तोवर उशीर झालेला असतो.

२. पक्षी दिसल्यावरची पहिली पाच मिनिटे

पहिल्या पाच मिनिटांत पुस्तक उघडू नये आणि मोबाइलवर कोणाला कळवूही नये. दिसते ते वहीत लिहावे : आकार शेजारच्या कोणत्या पक्ष्याएवढा, चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे, काय करतो आहे, कोणाबरोबर आहे. मनात नाव उमटले की डोळा त्या नावाला पोषक तेवढेच पाहू लागतो, म्हणून नावाआधी टिपण हवे.

त्यानंतर छायाचित्रे घ्यावीत, आणि ती सुंदर येण्यापेक्षा पुराव्याची असावीत. बाजूने एक, समोरून एक, पंख पसरलेले असताना एक, पाय दिसतील असे एक, आणि त्याच जातीचा वाटणारा नेहमीचा पक्षी चौकटीत असेल असे किमान एक. हे शेवटचे छायाचित्र सर्वांत मोलाचे ठरते, कारण त्यात दोघांवर एकच प्रकाश पडलेला असतो.

तपासणी : स्वतः तीस-चाळीस पावले बाजूला सरकून पुन्हा पाहावे. प्रकाशाचा कोन बदलल्यावर रंगही बदलला, तर तो पिसांचा रंग नव्हता. सूर्याच्या दिशेने पाहिलेला कोणताही पक्षी काळा दिसतो. थापट्या बदकाच्या नराचे हिरवे डोके विशिष्ट कोनातून निळे-जांभळे दिसते, आणि मोर शराटी सावलीत सरळ काळा वाटतो, कारण ही चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते आणि कोनाबरोबर पालटते.

इशारा : पंख पसरलेले छायाचित्र हवे म्हणून पक्ष्याला उडवू नये. तो आळोखेपिळोखे देताना किंवा पिसे साफ करताना पंख उघडतोच. तेवढी वाट पाहावी. विणीच्या वसाहतीजवळ तर दुरूनच थांबावे, कारण आईबाप उठले की उघडी अंडी आणि पिल्ले उन्हाच्या व कावळ्यांच्या तावडीत सापडतात.

३. रंग बाजूला ठेवून जात ठरवणे

आता समजा की पक्षी कृष्णधवल छायाचित्रात आहे. उरते काय? अंगाची ठेवण, मानेची लांबी व जाडी, चोचीचा आकार, पायांची लांबी, बोटांची रचना आणि वागणूक. पिसांचा रंग बिघडला तरी यांतले काहीही बिघडत नाही.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. तळ्याकाठी पूर्ण पांढरा, छोट्या बगळ्याएवढा किंवा थोडा लहान पक्षी उभा आहे. तो छोटा बगळा असू शकतो, गायबगळा असू शकतो किंवा पांढरी झालेली ढोकरी असू शकते. छोट्या बगळ्याची चोच बारीक व काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी असतात. तो पाण्यात चालत राहतो आणि पायाने तळ ढवळतो. गायबगळ्याची चोच आखूड व पिवळी असते आणि हनुवटीखालची पिसे चोचीखाली पुढे आल्यामुळे त्याचा जबडा भरलेला दिसतो. ढोकरीची मान जाड, बसण्याची ढब कुबड काढल्यासारखी, चोच पिवळसर पण टोकाला गडद, पाय हिरवट पिवळे, आणि ती एका जागी खिळल्यासारखी उभी राहते. ही सगळी लक्षणे जुळली आणि पाठीवर तपकिरी रंगाचा मागमूस नसला, तरच ‘पांढरी ढोकरी’ हा विचार पुढच्या पायरीवर न्यावा. बसलेली तपकिरी ढोकरी उडाली की पांढरेशुभ्र पंख दिसतात, हे मात्र तिचे नेहमीचेच रूप आहे.

मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांच्यात चोचीच्या रंगावर भरवसा ठेवू नये, कारण विणीच्या काळात दोघांचीही पिवळी चोच काळी पडू शकते. जिवणीची रेषा पाहावी : मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते.

वारकऱ्याला बोटांच्या झालरींवरून आणि कपाळावरच्या ढालीवरून ओळखावे. थापट्याची फावड्यासारखी चोच कोणत्याही रंगात लपत नाही.

इशारा : सोबत हा पुरावा नव्हे. विचित्र रंगाचा पक्षी ज्या थव्यात बसला आहे त्याच जातीचा असण्याची शक्यता मोठी असते, पण पाणथळीवर मिश्र थवे ही रोजची गोष्ट आहे.

४. नेहमीच्या बदलांची चाळणी

जात ठरली. आता हा पक्षी पूर्णपणे सामान्य आहे असे गृहीत धरून ते सिद्ध करण्याचा प्रयत्न करावा. माझ्या अनुभवात दहांपैकी सात-आठ ‘विचित्र’ पक्षी इथेच गळून पडतात, म्हणून या पायरीला घाई करू नये.

(क) पिसे पालटणारी बदके. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या पाहुण्या बदकांचे अनेक नर मादीसारख्या मळकट पिसाऱ्यात असतात, आणि त्यांचा भडक पिसारा टप्प्याटप्प्याने येतो. थापट्याचे नर या काळात छातीवर ठिपके, चेहऱ्यावर फिकट चंद्रकोर आणि कुशीवर तांबूस चट्टे अशा अर्धवट वेषात दिसतात. भुवई बदकाचे नर तर आपली पांढरी भुवई बऱ्याच उशिरा, हिवाळा निम्मा सरल्यावर मिळवतात. अशा वेळी पंख पाहावा : नराच्या पंखाच्या पुढच्या भागाचा फिकट निळा-राखी रंग मळकट पिसाऱ्यातही टिकून असतो. थापट्यात डोळाही मदत करतो, कारण प्रौढ नराचे बुबुळ पिवळे असते.

(ख) पहिल्या वर्षाचे पक्षी. वारकऱ्याचे मोठे झालेले पिल्लू करडे-तपकिरी असते आणि त्याचा गळा व छाती पांढुरकी असते. रातबगळ्याचे पिल्लू तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांचे असते, त्यामुळे त्याला अनेकदा भलतीच जात समजले जाते. मोठ्या पाणकावळ्याच्या पहिल्या वर्षात पोट पांढरे असते. कांस्यपंखी कमळपक्ष्याचे पिल्लू खालून पांढरे असल्यामुळे लांब शेपटीच्या कमळपक्ष्याशी त्याची गल्लत होते. रोहित पक्ष्यांची पिल्ले राखी-तपकिरी असतात आणि पूर्ण गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षे लागतात; ठाणे खाडीतल्या थव्यांत अशी मळक्या रंगाची पोरे दरवर्षी असतात, ती आजारी नसतात.

(ग) विणीचा पिसारा. उन्हाळ्याच्या शेवटी ढोकरीच्या पाठीवर गर्द किरमिजी पिसे येतात, आणि गायबगळ्याचे डोके, मान व पाठ केशरी होते. मोठ्या पाणकावळ्याच्या डोक्यावर पांढरी पिसे आणि मांडीवर पांढरा ठिपका येतो. यालाच ‘अर्धवट अल्बिनो’ म्हटलेले मी एकापेक्षा जास्त वेळा वाचले आहे. रोहितांत उलटही घडते, कारण पिल्लांना भरवताना आईबापांचा गुलाबी रंग फिका होतो.

(घ) जातीतच असलेली रंगरूपे. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यावरचा समुद्री बगळा दोन रूपांत येतो, गडद राखाडी आणि पांढरे. गडद रूपाची हनुवटी व गळा पांढरा असतो, आणि उडताना पंखाच्या बाहेरच्या भागात पांढरा ठिपकाही दिसू शकतो. तो रंगदोष नव्हे. पांढरे रूप छोट्या बगळ्यासारखे दिसते, पण त्याची चोच अधिक जाड, किंचित वाकलेली आणि पिवळसर-तपकिरी असते. मात्र छोट्या बगळ्याच्या पिल्लाच्या चोचीचे बूडही फिकट असते आणि पाय हिरवट असतात, म्हणून एका लक्षणावर निर्णय देऊ नये. शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याच्या डोक्यावरचा काळा रंगही पक्ष्यागणिक कमीजास्त असतो.

रफ या चिखलपक्ष्याचा उल्लेख वेगळा करतो. त्याच्या काही नरांचे डोके आणि मान हिवाळ्यात पूर्ण पांढरी असते. उजनीच्या फुगवट्यावर असा पहिला पक्षी पाहिला तेव्हा मी दोन पाने भरून टिपण केले, मित्रांना बोलावून घेतले, आणि संध्याकाळी त्याच चिखलात तसलेच आणखी तीन उतरले. दुर्मीळ वाटणारे एकाहून अधिक दिसले, तर आपले वाचन कमी पडले असे समजावे.

तपासणी : ‘या जातीचा कोणत्याही वयाचा, कोणत्याही महिन्यातला कोणताही पक्षी असा दिसतो का?’ या प्रश्नाला ठाम ‘नाही’ असे उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

५. बाहेरून लागलेला रंग, पाळीव पक्षी आणि संकर

लोहयुक्त चिखलात चरणाऱ्या हंसांच्या व क्रौंचांच्या डोक्या-मानेवर गंजासारखा तांबूस रंग चढतो. बगळ्यांच्या पायांवरचा चिखल वाळला की पायांचा रंगच बदलल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, तेव्हा कुरवांच्या आणि इतर समुद्रपक्ष्यांच्या पोटावर काळे डाग दिसू शकतात. कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंगही विसरू नये. २०१७ साली नवी मुंबईतल्या तळोजा भागात कुत्री निळी झाली होती, ती अशाच पाण्यामुळे. बाहेरचा रंग ओळखण्याची खूण अशी की तो पिसांच्या मांडणीप्रमाणे न बसता चिखलाच्या किंवा पाण्याच्या रेषेप्रमाणे बसतो, पोट, छाती आणि तोंड यांवर जास्त असतो, आणि पंखाखाली झाकलेल्या पिसांवर नसतो.

इशारा : तेल माखलेला पक्षी स्वतः धुऊ नये. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

गावतळ्यातले पांढरे किंवा पांढरे-काळे बदक बहुधा पाळीव असते. जड बूड, माणसाची भीती नसणे, उडण्याचा कंटाळा आणि थव्यापासून अलिप्त राहणे या खुणा पाहाव्यात. चोचीच्या मुळाशी लाल गाठी असलेले बदक तर जवळपास नक्कीच कोणाच्या तरी परसातले असते.

संकराचा विचार शेवटी, आणि जपून करावा. छोटा बगळा आणि समुद्री बगळा यांचे संकर होतात, आणि त्यांच्यात दोघांच्या मधले रंग व चोचीची मधलीच जाडी दिसते. पण राखी-पांढरे मिश्रण समुद्री बगळ्याच्या स्वतःच्या मधल्या रूपातही असते. खात्री नसेल तर ‘छोटा किंवा समुद्री बगळा’ अशी नोंद करणे प्रामाणिक ठरते.

पायातली रंगीत पट्टी किंवा कादंब या हंसासारख्या पक्ष्याच्या मानेतले कडेही दुरून विचित्र रंग वाटते. मंगोलियात मानेत कडी घातलेले कादंब भारतात दिसले आहेत. अशा वेळी कड्याचा रंग आणि त्यावरची अक्षरे यांचेच छायाचित्र आधी घ्यावे, आणि ती माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावी.

६. रंगदोषाचा प्रकार ठरवणे

इथवर टिकलेला पक्षी खरोखर वेगळा आहे. आता त्याच्या रंगदोषाला नाव द्यायचे, आणि इथे सर्वांत जास्त चुका एका शब्दाभोवती होतात.

अल्बिनिझममध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य पिसांत, कातडीत आणि डोळ्यांत कुठेच तयार होत नाही. डोळ्यांतही ते नसल्यामुळे नजर अधू असते, आणि असे पक्षी मोकळ्या रानात फार दिवस टिकत नाहीत. म्हणून धडधाकट, प्रौढ, पांढरा पक्षी दिसला तर तो अल्बिनो नसण्याचीच शक्यता मोठी. ‘अर्धवट अल्बिनो’ ही संज्ञा तर स्वतःलाच खोडते, कारण हा दोष पक्ष्याच्या सर्व अंगात असतो किंवा नसतो.

तपासणी : डोळा लाल आहे एवढ्यावर थांबू नये. प्रौढ वारकऱ्याचे, रातबगळ्याचे आणि शेकाट्याचे बुबुळ मुळातच लाल असते. अल्बिनो पक्ष्यात मधली बाहुलीसुद्धा लालसर दिसते, कारण आतल्या रक्ताचा रंग दिसतो. या तीन जातींत बाहुली काळीच असते. जवळून घेतलेले, फ्लॅश न वापरलेले छायाचित्र मोठे करून हे पाहावे.

ल्यूसिझममध्ये पिसांच्या काही किंवा सर्व भागांत रंगपेशीच पोहोचलेल्या नसतात. ती पिसे पूर्ण पांढरी असतात, मधली फिकट छटा नसते, आणि डोळे नेहमीच्या रंगाचे असतात. पांढरे चट्टे बहुधा दोन्ही बाजूंना जवळपास सारखे असतात आणि जन्मापासून तसेच राहतात. वय किंवा आजार यांमुळे येणारा पांढरेपणा मात्र विखुरलेला असतो, आणि दरवेळी पिसे पालटताना वाढत जातो. रानात दिसणारी पांढरी पिसे बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारची असतात, पण एका भेटीत हा फरक सहसा ठरत नाही. एकाच बाजूला एक-दोन पांढरी पिसे असली, तर जुनी जखमही कारण असू शकते.

पक्षी पांढरा नसून धुतल्यासारखा फिकट असेल, नक्षी जागेवर असेल पण काळ्याच्या जागी तपकिरी किंवा राखी दिसत असेल, तर रंगद्रव्य आहे, मात्र अपुरे किंवा बिघडलेले आहे. तपकिरी प्रकारात ऊन लागून पिसे झपाट्याने विटतात; त्यामुळे वरून जवळपास पांढरा दिसणारा पक्षी पंख उघडल्यावर आतून गडद निघतो. म्हणून उघड्या आणि झाकलेल्या पिसांची तुलना केल्याशिवाय निर्णय देऊ नये. हा तपकिरी दोष लिंगाशी जोडलेला असल्यामुळे रानात तो बहुधा माद्यांतच आढळतो.

मेलॅनिझम, म्हणजे गडद रंगाचा अतिरेक, पाणपक्ष्यांत फार क्वचित दिसतो. सायप्रसमधल्या अक्रोतिरीच्या खाऱ्या सरोवरावर २०१५ साली जवळपास पूर्ण काळा रोहित पक्षी दिसला होता. आपल्याकडे काळा पक्षी पाहून हे नाव घेण्याआधी उलटा प्रकाश, चिखल आणि तेल हे तिन्ही पुन्हा तपासावेत.

७. नोंद करणे

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्षी त्याच्या जातीच्या नावानेच नोंदवावा आणि रंगाचे वर्णन शेऱ्यात लिहावे. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिनसारख्या ॲपला छायाचित्र दाखवून आलेले उत्तर पुरावा म्हणून देऊ नये. ती ॲपे नेहमीच्या रंगांच्या चित्रांवर शिकलेली असतात आणि नेमक्या याच पक्ष्यांना फसतात.

शेऱ्यात निष्कर्षापेक्षा निरीक्षण जास्त असावे. ‘अल्बिनो वारकरी’ या दोन शब्दांपेक्षा पुढील मजकूर उपयोगाचा : ‘वारकरी, प्रौढ, सव्वीस पक्ष्यांच्या थव्यात. दोन्ही पंखांची टोके आणि चेहरा पांढरा, बाकी अंग नेहमीसारखे काळे-राखी. चोच व ढाल पांढरी, बुबुळ लाल, बाहुली काळी, पायांचा रंग नेहमीचा. सकाळी सव्वाआठ, सूर्य पाठीमागे, अंतर सुमारे साठ मीटर. बहुधा ल्यूसिझम.’ घरट्यावरचा पक्षी असेल तर जागा नेमकी न सांगता तालुक्यापर्यंतच सांगावी.

मूळ छायाचित्रे न कापता, न उजळता जपून ठेवावीत, आणि पांढऱ्या पिसांची जागा दाखवणारे एक साधे रेखाचित्र वहीत काढावे. पुढच्या हिवाळ्यात त्याच पाण्यावर तसाच पक्षी दिसला, तर या रेखाचित्राशी ताडून पाहता येते : चट्टे जिथल्या तिथे असतील तर ल्यूसिझमला बळ मिळते, आणि पांढरेपणा पसरला असेल तर जुन्या नोंदीतला शेवटचा शब्द बदलावा लागतो.